बनाना नर आणि स्पायडर मादी

अगं, तू पाठवलेला फोटो रात्री उघडला आणि बराच वेळ बघत बसले. साप देखणे आहेत, त्यात वाद नाही. नराच्या पिवळ्या अंगावर जांभळट पट्टे आणि मधूनच काळे तीळ. मादीच्या तपकिरी अंगावर बारीक काळ्या रेघांचं जाळं. खाली विकणाऱ्यानं लिहिलंय, ‘बनाना नर, स्पायडर मादी, जोडीनं घेतल्यास सूट, पिल्लांतून दोन वर्षांत पैसे वसूल.’ आणि त्याखाली तुझा प्रश्न, ‘ताई, घेऊ का?’

नको घेऊस. आता का नको ते सविस्तर ऐक, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं की तू हमखास टोकन पाठवून मोकळी होशील. तुला मी ओळखते.

तुझं वेड मला खुळचट वाटत नाही, हे आधी सांगते. जनावराच्या रंगाचा नाद आपल्या मराठवाड्याला नवा नाही. देवणी बैलाचे रंग आपल्याकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात: अंगभर काळेपांढरे ठिपके तो शेवरा, पांढरं अंग आणि तोंडाच्या कडा काळ्या तो वानेरा, आणि जवळजवळ पूर्ण पांढरा तो बालंक्या. लाल कंधारीचा लाल जरा फिका दिसला तरी बाजारात लोक नाक मुरडतात. तिकडे अमेरिकेत सापाच्या रंगांना ‘मॉर्फ’ म्हणतात, एवढाच फरक. पण एक गोष्ट लक्षात ठेव. आपल्याकडे रंग कितीही फक्कड असला तरी बैल लंगडत असेल तर त्याला कुणी दावणीला बांधत नाही. हे का सांगतेय ते पुढे कळेल.

तू ज्याला नुसतं ‘पायथन’ म्हणतेस तो आपला अजगर नव्हे, हेही डोक्यात पक्कं कर. हा बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या भागातून जगभर गेलेला. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून ते नाव. तीन-चार फुटांचा, सुस्त, सहसा न चावणारा. मूळ रंग काळा-तपकिरी. १९९२ मध्ये बॉब क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं अल्बिनो पिल्लं काढून दाखवली आणि हा रंग पिढीतून पुढे जातो हे सिद्ध झालं. १९९७ मध्ये पायबाल्ड आला, म्हणजे अर्धं अंग पांढरंशुभ्र आणि अर्ध्यावर नक्षी. १९९९ मध्ये स्पायडर. मग एकातून दुसरा, दोघांतून तिसरा असं करत आज हजारोंनी प्रकार झालेत. अल्बिनोच्या अंगात काळं रंगद्रव्य तयार होत नाही, पिवळं मात्र होतं. म्हणून तो पांढरा-पिवळा दिसतो. डोळे लाल.

आता गणित. विकणाऱ्यानं तुला ते सांगितलेलं नाही, किंवा त्यालाही येत नसेल.

अल्बिनोचं जनुक दबकं असतं. ते आईकडून एक आणि बापाकडून एक असं दोन्हीकडून आलं तरच रंग उमटतो. एकाच बाजूनं आलं तर साप दिसायला अगदी साधा, पण पोटात अल्बिनो लपलेला. त्याला धंद्यात ‘हेट’ म्हणतात आणि साध्यापेक्षा जास्त दरानं विकतात. समज, तू हेट नर आणि हेट मादी घेतलीस. बॉल पायथनची मादी एका खेपेला साधारण सहा अंडी देते. प्रत्येक पिल्लू अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक. तुला वाटेल, सहा अंड्यांत दीड अल्बिनो म्हणजे एक तरी नक्की. नाही गं. सहाच्या सहा साधी निघण्याची शक्यता शंभरात जवळपास अठरा आहे. आणि दोन दबके रंग एकत्र हवे असतील, म्हणजे उदाहरणार्थ अल्बिनो-पायबाल्ड, तर दोन्ही रंगांचे हेट आईबाप असूनही प्रत्येक अंड्याला सोळात एक. सहा अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता शंभरात अडुसष्ट! त्यातही मादी वर्षातून एकदाच अंडी देते, दरवर्षी देईलच असं नाही, आणि तिला त्या वयात यायलाच तीनेक वर्षं लागतात. ‘दोन वर्षांत वसूल’ हे कुठल्या पंचांगातून काढलं, ते त्यालाच विचार.

उरलेल्या साध्या पिल्लांचं काय करशील? त्यांतल्या दर तिघांमागे दोघांत जनुक लपलेलं असणार, पण कुठल्या दोघांत ते बघून ओळखता येत नाही. ‘६६ टक्के हेट’ अशी पाटी लावून ती विकली जातात. घेणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा? तुझ्या शब्दावर. आणि तू ज्याच्याकडून घेणार आहेस त्याच्या शब्दावर तू.

बनानाची गंमत मात्र खरीच आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. नराला बनाना रंग आईकडून आला असेल तर त्याच्या बनाना पिल्लांत बहुतेक माद्या निघतात; बापाकडून आला असेल तर बहुतेक नर. पूर्वी पुस्तकांत सगळ्या सापांना कोंबड्यांसारखी झेड-डब्ल्यू पद्धत लावलेली असायची. २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की अजगर-बोआंमध्ये आपल्यासारखी एक्स-वाय आहे. पाळणाऱ्यांच्या वह्यांत ही विचित्र नोंद त्याआधीच होती. कुठलं पिल्लू कुणाचं, कुठल्या रंगाचं, नर की मादी, हे लिहून ठेवणाऱ्या हौशी माणसांना विज्ञानाआधी काहीतरी दिसलं होतं, याचं मला फार कौतुक आहे. तुझ्या विकणाऱ्याला विचार, हा नर बनाना झाला तो आईमुळे की बापामुळे? उत्तर आलं नाही तर समज, त्याच्याकडे वही नाही.

आता त्या मादीकडे वळू.

जगातले सगळे स्पायडर एका सापापासून आले, आफ्रिकेतून गेलेल्या एका पिल्लापासून. त्या रंगाबरोबर एक दोष चिकटून आला, आणि तो आजवर कुणालाही सोडवता आलेला नाही. इंग्रजीत त्याला ‘वॉबल’ म्हणतात. साप शांत असला की काही कळत नाही. उंदीर समोर आला किंवा हातात उचलला की डोकं डगडगायला लागतं. मान फिरकीसारखी वळते, तोंड वरच्या बाजूला जातं, डावीकडे भक्ष्य असताना हल्ला उजवीकडे होतो. उलटा केला तर काहींना परत सरळ होता येत नाही. काहींत हे थोडं असतं, काहींत इतकं की खाणंच अवघड. थोडं असलेल्या आईबापांची पिल्लं थोडंच घेऊन येतील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

बरीच वर्षं लोक म्हणत होते, काही नाही हो, स्वभाव आहे त्याचा. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अशा सापांच्या कवटीचं सूक्ष्म सीटी स्कॅन केलं. आतल्या कानाची रचनाच बिघडलेली सापडली: तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्याजवळची पिशवी, दोन्ही वेड्यावाकड्या. म्हणजे त्या सापाला खाली काय आणि वर काय तेच नीट कळत नाही. आणि दोन्हीकडून स्पायडरचं जनुक मिळालेलं पिल्लू जिवंत पाहिल्याची खात्रीशीर नोंद नाही. ते अंड्यातच संपतं असं मानतात. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं २०१८ पासून आपल्या मेळाव्यांत स्पायडर विकायला बंदी घातली, ती उगाच नाही. बाकी काही रंगांतही भानगडी आहेत: काहींत पाठीच्या कण्याला बाक येतो, डेझर्ट नावाच्या प्रकारातल्या माद्यांना अंडी घालता येत नाहीत.

म्हणून मघाशी लंगड्या बैलाचं बोलले. तिथे रंग वेगळा आणि लंगडेपण वेगळं असतं; चांगल्या रंगाचा धडधाकट बैल शोधता येतो. स्पायडरमध्ये रंग आणि दोष एकाच गाठीत बांधलेत. जाळं हवं तर डगडगणं घ्यावंच लागतं. मला विचारशील तर हा सौदा कुठल्याही भावात वाईट. इथे मी ‘बघ बाई, तुझं तू ठरव’ म्हणणार नाही. स्पायडर घ्यायचा नाही, बस्स.

पैशाचंही बोलून घेऊ, कारण तुझ्या डोक्यात तेच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिले अल्बिनो निघाले तेव्हा एकेक साडेसात हजार डॉलरला गेला म्हणतात. आज अमेरिकेत तो काही शे डॉलरांत मिळतो. कारण सोपं आहे: ज्यानं पहिला विकत घेतला त्यानंही पिल्लंच विकली, आणि त्याच्याकडून घेणाऱ्यानंही. जो उशिरा येतो त्याला गिऱ्हाईक म्हणून दुसरा पाळणाराच लागतो. हे आपण इथे पाहिलंय की! २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण आठव. काळी कोंबडी, काळं मांस, अंडी आम्हीच परत घेऊ म्हणून शेतकऱ्यांना पिल्लं विकली, आणि एक दिवस परत घेणारा गायब. शेतकऱ्यांच्या परसात पक्षी खात बसले होते आणि विकत घ्यायला कुणी नव्हतं. कोंबडी निदान कापून खाता तरी येते.

कायद्याकडे ये. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तेव्हापासून वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘सायटीस’ करारातले परदेशी प्राणीही त्यात आले. बॉल पायथन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले: ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत, नवा घेतला तर तीस दिवसांत नोंद, आणि सगळं सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर. पिल्लू जन्मलं, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, प्रत्येक वेळी कळवायचं. परदेशातून आणायचा तर सायटीसचा परवाना, परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची ना-हरकत. इतके कागद असलेला साप फेसबुकवर ‘सूट’ देऊन कोण विकतं, सांग बरं? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. बाजारात फिरणाऱ्या कुठल्या सापाची सुरुवात कुठल्या पाकिटात झाली, हे तुला फोटोवरून कळणार नाही. नंतर वनखात्याचा माणूस दारात आला की ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य कामाला येत नाही.

आणि आपल्या रानातला अजगर किंवा एखादा पांढुरका साप पकडून त्याच्यावर प्रयोग करायचा विचार मनाच्या कोपऱ्यातही आणू नकोस. अजगर त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किमान तीन वर्षांची कैद.

आता आपल्या परभणीचं बघ. त्या इंग्रजी व्हिडिओंत सगळे गरम करण्याबद्दल बोलतात: हीट मॅट, थर्मोस्टॅट, अंड्यांना ३१-३२ अंश, पंचावन्न-साठ दिवस. त्यांच्याकडे थंडी असते. बॉल पायथनची जोडी हिवाळ्यात लावतात आणि अंडी उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, म्हणजे उबवणी पडते आपल्या एप्रिल-मे-जूनमध्ये. घरातलं तापमानच चाळिशीला टेकलेलं असताना इनक्यूबेटर काय करणार? तो गरम करतो, गार करत नाही. अंड्यांना ३५ च्या पुढे नेलंस की पिल्लं मरतात, नाहीतर वेडीवाकडी निघतात. म्हणजे दोन महिने एसी, आणि आपल्याकडची वीज तर तुला माहीतच आहे. बरं, उन्हाळा सोसला तरी हिवाळा उलटा. कृषी विद्यापीठात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३ अंशांवर आला होता. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो, पण जर्मनीचा थर्मोस्टॅट परभणीच्या मे महिन्यात चालत नाही बाई.

जाता जाता एक सांगते, कारण मला ते फार आवडतं. आपल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि गार झालं की अंगाचे स्नायू आखडून-सैल करून थरथरते, त्यातून ऊब तयार करते. थंड रक्ताचा प्राणी म्हणतो आपण! आठवडेच्या आठवडे उपाशी बसून ती हे करते. असलं काही बघायला मिळत असताना मला पिवळ्या रंगाचं अप्रूप कमीच वाटतं, पण ते माझं झालं.

अजून एक, हे जरा हळू आवाजात. घरात पांढरा-पिवळा साप आहे हे गल्लीत कळलं की कोण कोण येईल, त्याची तुला कल्पना नाही. मांडूळ आठव. शेपूट बोथट म्हणून त्याला दुतोंड्या म्हणायचं, वजनावर लाखांची बोली लावायची, गुप्तधनासाठी रात्री पूजा मांडायची. पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच. त्या लोकांना जनुकं-बिनुकं कळत नाहीत. त्यांच्या लेखी पिवळा साप म्हणजे धनावरचा साप. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण रात्री अकराला दार वाजवणारा माणूस कलमं वाचून येत नाही. तू नि आई दोघीच घरात असता, म्हणून बोलले.

आणि वय. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीनं २०२० मध्ये सात अंडी घातली. ती तेव्हा किमान बासष्ट वर्षांची होती आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तिच्या आसपास नर नव्हता. घरातलेही वीस-तीस वर्षं सहज जगतात. आज घेतलेला साप तुझ्या पन्नाशीपर्यंत सोबत राहील. लग्नाचा विषय मी काढत नाही, तो आई काढेल. पण नोकरी नांदेडला लागली, पुण्याला लागली, तर भाड्याच्या खोलीचा मालक उंदरांचा डबा फ्रीजमध्ये ठेवू देईल का, याचा विचार कर. विकले न गेलेले सहा-सात भाऊबंदही असणार सोबत, प्रत्येकाचा वेगळा डबा, कारण एकत्र ठेवता येत नाहीत.

तुला खरंच रंगच खुणावत असेल तर त्याचा अभ्यास कर. मिशिगनमधल्या एका विद्यापीठात कॉलेजच्या मुलांनी पाळणाऱ्यांकडून टपालानं आलेल्या कातींतून डीएनए काढला आणि २०२२ मध्ये दाखवलं की अल्बिनोपणाच्या मागे रंगद्रव्याच्या ठरावीक जनुकांतले बिघाड आहेत. माणसातही तीच जनुकं बिघडली की रंग जातो. सापाला हात न लावता, टाकलेल्या कातीवर! तू बारावीला जीवशास्त्रात पहिली आलेली मुलगी. पशुवैद्यकीय महाविद्यालय तुझ्या गावात आहे, बाहेरची पोरं तिथे यायला धडपडतात. सर्पमित्रांनी आणलेल्या जखमी धामणीला टाके घालायला, न खाणाऱ्या अजगराचं तोंड तपासायला आपल्या भागात किती जण तयार आहेत? मी गाई-म्हशींची डॉक्टर, माझ्याकडे कुणी साप घेऊन आलं तर मी अजूनही पुस्तक उघडते.

आणि तरीही हवाच असेल, तर जोडी नाही, एक. साधा, तपकिरी, नर. हौस सोडणाऱ्या एखाद्या माणसाकडून, ज्याची परिवेशवर नोंद आहे आणि जो हस्तांतराची नोंद तुझ्यासमोर करून देईल. आधी त्याच्या घरी जाऊन बघ, तुझ्यासमोर त्याला खायला घालायला सांग, डोकं सरळ जातं का बघ. मग सहा महिने सांभाळून दाखव. हा साप मनात आलं तर महिना महिना तोंड लावत नाही. त्या महिन्यात तू मला किती फोन करतेस ते बघू.

आईशी मी बोलते. ती आधी नाहीच म्हणेल, आणि मग उंदीर कुठे ठेवणार म्हणून विचारेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेव.